घाससाऱ्याची वसुली

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मांडवात गांधीजी, नंदलाल बोसांच्या कल्पनेतून बांबू-चटयांनी सजलेलं टिळकनगर, आणि मागे धनाजी नाना चौधरी व त्यांच्या सोबत्यांची धावपळ. पूर्व खानदेशातल्या एवढ्याशा गावाने देशभरातल्या पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोय लावली, आणि पानात कोण काय टाकून उठलं याची चर्चा इतिहासाच्या पुस्तकांत काही वाचायला मिळत नाही. त्याच फैजपुरात आज कुठल्याही सकाळी, कुठल्याही गल्लीत, एका मुलाला एक वाटी वरणभात भरवण्याचं काम पाऊण तास चाललेलं असतं आणि त्याची चर्चा मात्र संध्याकाळपर्यंत सावद्याच्या आत्याकडे पोचलेली असते. भात मऊ शिजवलेला, वर वरण, त्यावर तूप, आणि सगळं बोटांनी इतकं कुस्करलेलं की दात नसलेल्या पणजीनेही हसत खावं. दोन वर्षांचं मूल ओट्यावरून बाजेवर, बाजेवरून बापाच्या स्कूटरवर, तिथून तुळशीमागे. मागे वाटी घेऊन आई. तोंडात गेलेला घास एका गालात साठवलेला आहे. तो गिळला की नाही हे पाहायला आई ‘आऽ कर’ म्हणते आणि ते नेमकं तोंड मिटतं. मघापर्यंत रडताना हेच तोंड घशाच्या पडजिभेपर्यंत उघडं होतं.

फैजपूरच्या त्या अधिवेशनात नेहमीच्या राजकीय ठरावांबरोबर एक शेतकी कार्यक्रमही मंजूर झाला होता. खंड आणि शेतसारा कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, आणि ज्या लहानशा जमिनीत मालकाचंच भागत नाही तिला सारा माफ करा, अशा मागण्या त्यात होत्या. शेतकऱ्याच्या बाजूने एवढा विचार झाला, पण त्याच्या नातवाच्या बाजूने कुणी बोललं नाही. कारण फैजपुरातलं, किंवा कुठल्याही गावातलं, दीड-दोन वर्षांचं मूल नेमकी हीच मागणी रोज सकाळ-संध्याकाळ करत असतं. माझं पोट वाटीएवढं, आकारणी ताटाएवढी. घाससारा कमी करा. त्याला भाषा येत नाही म्हणून ते मागणी मान फिरवून, ओठ आवळून आणि अगदीच गळ्याशी आलं तर थुंकून मांडतं. आपण त्याला नखरे म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही आकारणी आई ठरवत नाही. ती फक्त वसुलीला नेमलेली असते. बिचारी तलाठीण. किती घास गेले पाहिजेत हा आकडा वरून येतो, आणि ‘वरून’ म्हणजे सासूबाई, मामी, समोरच्या काकू, दुधात घालायच्या पावडरीच्या जाहिरातीतला गुटगुटीत मुलगा, आणि वर्षातून दोनदा सुरतेहून येणारी ती नातलग, जी पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणते, “माय वं, किती वायला पोरगा! काही खात नही का?” वायला म्हणजे वाळलेला. या एका वाक्याची ताकद बघा. ते पोराकडे बघून म्हटलेलं असतं, पण खाली मान जाते ती आईची. पोराला त्या वाक्याचं काही देणंघेणं नसतं. ते पिशवीत काय आणलंय ते बघत असतं. म्हणजे वजन मुलाचं, पण मोजली जाते आई. एकदा हे ध्यानात घेतलं की भरवण्याच्या वेळचं सगळं विचित्र वागणं एकदम शहाणपणाचं वाटू लागतं. जिच्या कामाचा हिशेब गल्लीसमोर होतो, ती वाटी घेऊन पळणार नाही तर काय करणार?

पुरावा हवा असेल तर वाटीतला शेवटचा घास बघा. भूक ही मुलाची गोष्ट असती, तर पहिला घास महत्त्वाचा ठरला असता. त्याच घासाला मूल खरं भुकेलेलं असतं. पण सगळी झटापट, सगळी लालूच, सगळ्या धमक्या शेवटच्या तीन घासांसाठी राखून ठेवलेल्या असतात. “एवढाच घास, मग झालं” हे वाक्य दर जेवणात सहा वेळा खोटं ठरतं आणि सातव्यांदा पुन्हा तेवढ्याच विश्वासाने म्हटलं जातं. का? तर वाटी रिकामी दाखवायची असते. रिकामी वाटी ही पावती आहे. ती घेऊन मोरीकडे जाताना आईच्या चालीत जो ठसका येतो, तो मुलाचं पोट भरल्याचा नसतो. पोट तर चौथ्या घासालाच भरलेलं होतं. आणि वाटी रिकामी झाली नाही तर? तर उरलेला भात आई उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकते. सरकारी भाषेत याला काय म्हणतात ठाऊक नाही, पण थकबाकी स्वतःच्या खिशातून भरणारा दुसरा वसुली अधिकारी या देशात सापडायचा नाही.

पुढचा पुरावा काऊचिऊच्या घासांचा. ही पद्धत इतकी जुनी आणि इतकी गोड आहे की तिच्या हिशेबाकडे कुणी बारकाईने बघितलेलंच नाही. एक घास काऊच्या नावाने, एक चिऊच्या, मग मामाचा, मग आजोबांचा, मग गल्लीतल्या कुत्र्याचा, आणि सगळे संपले की गणपतीबाप्पाचा. मुलाच्या स्वतःच्या नावावर एकही घास नाही. सगळे घास बेनामी. मुलाने खायचं का, तर त्याला भूक लागलीय म्हणून नव्हे, तर मामाला वाईट वाटेल म्हणून. बरं, मामा भुसावळला रेल्वेत ड्यूटीवर. त्याला या व्यवहाराचा पत्ताही नाही. दुसऱ्याच्या खात्यावर घास चढवायची वेळ येते तेव्हा धन्याच्या खात्यावर मागणीच उरलेली नसते, हे कुठलाही कारकून सांगेल.

आता शरीर काय म्हणतं ते बघू, कारण शरीराच्या बाजूचे आकडे आपल्याकडे आहेत आणि ते मुलाच्या बाजूने आहेत. जन्माला आलेलं बाळ पाच-सहा महिन्यांत वजनाने दुप्पट होतं आणि वर्षाचं होईतो साधारण तिप्पट. म्हणजे तीन किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊच्या आसपास जातं. पहिल्या वर्षात सहा किलो. दुसऱ्या वर्षात मात्र तेच मूल जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग निम्म्याहून खाली येतो, म्हणून भूकही खाली येते. हे सगळ्या जगात, सगळ्या जातींत, सगळ्या घरांत होतं. पण नेमका याच सुमाराला ते चालायला लागतं, लोकांच्या नजरेत येतं, आणि आईच्या तोंडी ते वाक्य येतं, “आधी किती छान खायचा, आता काय झालं कोण जाणे.” काही झालेलं नसतं. त्याच वेगाने तो खात आणि वाढत राहिला असता, तर पाचव्या वर्षी त्याला शाळेत सोडायला केळीचा ट्रक लागला असता.

क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९२० च्या दशकात एक असा प्रयोग सुरू केला जो आपल्याकडे कुठल्याच सासूने होऊ दिला नसता. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेली पंधरा मुलं. त्यांच्यापुढे साधे, निसर्गातले, काही शिजवलेले काही कच्चे असे ३४ पदार्थ, वेगवेगळ्या जेवणांना वेगवेगळे, वाट्यांत ठेवायचे. आणि दाईने चमचा हातात धरून गप्प बसायचं. मुलाने बोट दाखवलं किंवा हात पुढे केला तरच चमचा हलणार. ‘खा’ म्हणायचं नाही, ‘शहाणा माझा’ म्हणायचं नाही, डोळे वटारायचे नाहीत. माझ्या मते प्रयोगाचा सगळ्यात अवघड भाग हाच होता. आपल्याकडे चमचा धरून गप्प बसणारी एक बाई शोधायची तर यावल-रावेर दोन्ही तालुके पालथे घालावे लागतील. १९३९ साली बाईंनी निष्कर्ष छापले. मुलांनी जेवणं चमत्कारिक केली. कुणी न्याहारीला संत्र्याच्या रसाबरोबर यकृत खाल्लं, कुणी रात्री अनेक अंडी, केळी आणि दूध एका बैठकीत संपवलं. पण सगळी मुलं धडधाकट वाढली. एकाला मुडदूस होता, त्याच्यापुढे कॉडलिव्हर तेल ठेवलं होतं. तो बरा होईपर्यंत ते आपणहून पीत राहिला आणि मग त्याने ते सोडलं. पुढे १९९१ मध्ये लीन बर्च आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या खाण्याचा हिशेब काटेकोर मांडला. एका जेवणात मूल भरपूर खातं, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही. जेवणाजेवणातला फरक सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढा निघाला. पण दिवसभराची बेरीज केली तर फरक दहा टक्क्यांच्या आसपास. मूल रोजचा ताळा बरोबर जमवतं, फक्त ते आपल्याला जेवणागणिक हिशेब देत नाही. आणि आपल्याला तर घासागणिक हवा असतो.

इथे कुणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की डेव्हिसबाईंच्या ३४ वाट्यांत गोड बिस्किटं नव्हती, पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट नव्हतं. बरोबर. बाईंनी स्वतःच कबूल केलंय की प्रयोगाची खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. म्हणजे काय ठेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलाने. आपण बरोबर उलटं करतो. किती खायचं हे मोठे ठरवतात, आणि ती वसुली पुरी व्हावी म्हणून काय खायचं ते मुलाच्या हातात जातं. “दोन घास भात खा, मग पाकीट देते.” दोन घासांच्या वसुलीसाठी एका पाकिटाची सूट. मुलाला कळतं की भात हा दंड आहे आणि पाकीट ही सुटका. २००६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात लहान मुलांना काही दिवस ‘सूप संपव’ असा लकडा लावला आणि काही दिवस नुसतं वाढून ठेवलं. लकडा लावला त्या दिवसांत मुलांनी खाल्लं कमी आणि कुरकूर केली भरमसाट. यासाठी अभ्यास कशाला हवा होता, फैजपुरातल्या कुठल्याही ओट्यावर फुकटात बघायला मिळालं असतं. पण ओट्यावरचं कुणी छापत नाही.

आमच्या खानदेशात तर लकडा नसला की काय होतं, हे दाखवणारे प्रसंग वर्षभर घडत असतात. लेवा पाटीदारांच्या लग्नातली पंगत घ्या. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्टी ही काही बाळजेवण म्हणून प्रसिद्ध नाही. चांगली खरपूस तळलेली, गव्हाच्या जाड दळाची. घरी मऊ भात थुंकणारं कारटं पंगतीत चुलतभावंडांच्या मध्ये मांडी घालून बसतं, बट्टी कुस्करून मागतं, वरणाचं तळं करतं, तूप वाढणाऱ्याकडे हक्काने बघतं, आणि हाताच्या कोपरापर्यंत ओघळ आणत जेवून उठतं. तिथे त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. वाढपी पुढच्या पानावर गेलेला असतो, आई जावांच्या साड्या बघत असते. वसुली बंद, भरणा चालू. किंवा एप्रिल-मे महिन्यातले बिबडे. ज्वारीचं पीठ पहाटे मोठ्या पातेल्यात शिजतं, घरातल्या आणि शेजारच्या बायका गच्चीवर ओल्या कापडावर बिबडे थापत असतात, ऊन डोक्यावर यायच्या आत काम उरकायचं असतं. अशा वेळी पातेल्यातला गरम घाटा वाटीत घेऊन, त्यावर कच्चं तेल ओतून पोरं कोपऱ्यात बसून चाटूनपुसून खातात. जिरं, तीळ, तिखट सगळं त्यात असतं. ‘तिखट लागतं’ ही घरातली तक्रार गच्चीवर ऐकू येत नाही. गव्हाच्या कुरडयांचा चीकही तसाच. आणि शेजारच्या घरची कळण्याची भाकरी व ठेचा! आपल्या पोराने तिकडे अर्धी भाकरी खाल्ल्याची बातमी शेजारीण आनंदाने देते, आणि आईच्या पोटात गोळा येतो. पोरगं जेवलं याचा आनंद व्हायला हवा होता. होते ती बेअब्रू. आपल्या चौकीत न भरलेला सारा पोराने दुसऱ्याच्या चौकीत भरला. भुकेचा प्रश्न असता तर हा निकाल आईच्या बाजूचा होता. तो तिच्या विरुद्ध का वाटतो, यातच माझा सगळा मुद्दा आला.

केळ्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय फैजपूरचा विषय पुढे सरकू शकत नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सावदा-रावेरहून केळी रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीकडे जातात, आणि उत्तरेतली किती मुलं या मातीतल्या केळ्यांवर मोठी झाली याचा हिशेब नाही. मऊ, गोड, सोलायला सोपं, चावायची गरज नाही. देवाने बाळांसाठी एखादं फळ बनवलं असेल तर हेच. आणि बागाईतदाराच्या घरात, घड खुंटीला टांगलेला असताना, त्याच घरातल्या मुलाला केळं द्यायला निघालेल्या सुनेला सांगितलं जातं, “नको, सर्दी होईल.” वॅगनभर माल दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत पाठवताना तिथल्या मुलांच्या नाकाची काळजी कुणी केलेली ऐकिवात नाही. मुलाला मग केळं मिळतं ते वेफरच्या रूपात, तळून, मीठ लावून, पाकिटात. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्याला केळं द्यायचं ठरवलं. म्हणजे आमच्या भागातल्या पोराला स्वतःच्या मळ्यातलं केळं खायला सरकारी आदेशाची वाट बघावी लागली.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. कुणी म्हणेल, तुम्हाला थट्टा सुचते, पण या राज्यात मुलं खरोखर उपाशी आहेत. आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. फैजपूरहून उत्तरेला बघितलं की सातपुडा दिसतो. यावल आणि रावेर तालुक्यांत त्याच्या पायथ्याला आदिवासी पाडे आहेत, आणि तिथली आई वाटी घेऊन मुलामागे धावत नाही, कारण ती भल्या पहाटे दुसऱ्याच्या शेतात गेलेली असते आणि मूल सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट तो माझ्याच बाजूची साक्ष देतो. आपण जी मोजणी करतो ती चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या मापाने करतो. सहा महिन्यांनंतर बाळाला काय लागतं, तर थोडं-थोडं, दाट, आणि पुन्हा-पुन्हा. दिवसाला दोनतीनदा, नऊ महिन्यांनंतर तीनचारदा. पोटच लहान, त्यात पाणी भरलं की अन्नाला जागा उरत नाही. आणि आपल्या सुखवस्तू घरांतसुद्धा बाळाला पहिल्यांदा काय देतात? वरणाचं वरचं पाणी. डाळ खाली बसलेली, वरचं पिवळं पाणी वाटीत, आणि ती वाटी संपली की सगळे खूश. वसुली घासांची झाली, कसाची झालीच नाही. तेच वरण ढवळून, बट्टी किंवा भात कालवून, चमचाभर तेल-तूप घालून चार घास दिले तर निम्म्या कष्टात दुप्पट काम होतं. पण चार घासांचा आकडा सांगायला कमी वाटतो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, तक्त्यावर खूण पडते. रेघ वर जात असेल तर मूल ठीक आहे, खाली वाकली तर काळजी करायची, सेविकाताईंशी आणि डॉक्टरांशी बोलायचं. एवढा सोपा, छापील, फुकट कागद घरात असतो. पण काटा म्हणतो ‘ठीक’ आणि ओटा म्हणतो ‘वायला’, तेव्हा निकाल ओट्याचाच मानला जातो. आणि ओट्याच्या निकालावर अपील नाही.

मग येतो आजीचा आक्षेप. “आमची सहा झाली, एकाच्या मागे धावलो नाही. जे पुढ्यात आलं ते खाल्लं.” यात खरं आहे. सहा मुलं असलेल्या घरात मुलागणिक हिशेबच नव्हता. एक मोठी परात, भोवती पोरं, हात चालवील त्याला मिळेल. कुणी किती खाल्लं हे विचारायला कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून कुणी न खाण्याचा हट्टही करत नव्हतं. हट्ट करायला समोर प्रेक्षक लागतो. इथपर्यंत आजी माझ्या बाजूने साक्ष देते. पण ‘आमच्या वेळी सगळं छान होतं’ असं म्हणायला जे उरले आहेत, ते उरलेले आहेत, हेही बघावं. १९५१ च्या सुमाराला देशात जन्मलेल्या हजार बाळांतली सुमारे १४६ पहिलं वर्ष पुरं करत नसत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, आणि त्यात लसी, दवाखाने, पाणी यांच्याबरोबर आजच्या या धावणाऱ्या आयांच्या काळजीचाही वाटा आहे. तेव्हा आजीने नव्या आईला हसावं, पण फार मोठ्याने हसू नये.

मोबाईलचं काय, असं कुणी विचारणारच. मोबाईल हे वसुलीचं आजवरचं सगळ्यात कार्यक्षम साधन आहे हे मान्य केलं पाहिजे. पुढ्यात कार्टून लावलं की तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो, डोळ्याची पापणी हलत नाही. मुलाला भात खाल्ला की साबण हेही कळत नसावं. आणि पोट भरलं हेही कळत नाही, हाच त्यातला धोका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. पण सगळा राग मोबाईलवर काढणारे एक विसरतात. काऊचिऊसुद्धा लक्ष दुसरीकडे वळवण्याचीच युक्ती होती. फरक एवढाच की कावळा थोड्या वेळाने उडून जायचा आणि जेवण संपायचं. मोबाईलवरचा पुढचा भाग आपोआप सुरू होतो. शिवाय आधी कावळा दाखवायला आजी, आत्या, धाकटी जाऊ असे चार हात होते. ते हात पुण्याला, सुरतेला, नोकरीला गेले. आईच्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात कुकरची शिट्टी मोजणं. तिसऱ्या हाताला मोबाईल आला. वसुलीचा आकडा तोच ठेवून माणसं कमी केलीत, तर यंत्र येणारच. साखर कारखाना असलेल्या गावाला हे समजावून सांगायची गरज नाही.

शेवटचा आक्षेप हळव्या लोकांचा. हे सगळं हिशेबात मांडलंत, आईची माया कुठे गेली? माया जागच्या जागी आहे. तिच्यावर हा सारा लादलेला आहे, एवढंच म्हणतोय. ती माया नुसती असती, तर बापालाही लागू झाली असती. त्यालाही पोर तेवढंच प्यारं असतं. पण “पोरगा वायला” हे बापाच्या तोंडावर कुणी म्हटलेलं कुठे ऐकलंय? बाप रविवारी चार घास भरवतो, तेही अर्धे स्वतःच्या शर्टावर, आणि त्याची कीर्ती दुपारपर्यंत शेजारच्या न्हावी गावाला पोचते. आईने वर्षाला हजार वाट्या भरवल्या तरी चर्चा होते ती सांडलेल्या वाटीची. मुलाच्या तब्येतीची काळजी घराची असती, तर वसुलीला एकच माणूस नेमला नसता. आणि दुपारी दोनला, सगळ्यांचं झाल्यावर, ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिच्या पानात काय पडलं हे विचारायला ना सासू येते, ना सुरतेची नातलग. पोटातल्या बाळाला, अंगावरच्या बाळाला तिच्याच पानातून जातं, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी तिच्या पानाचा हिशेब ठेवणारी वही अजून निघाली नाही.

फैजपूरच्या शेतकी कार्यक्रमात लहान जमिनीला सारामाफी मागितली होती. वाटीएवढ्या पोटाला तीच लागू करायला कुठल्या अधिवेशनाची गरज नाही. पंगतीत बसवा, आपल्याबरोबर वाढा, काय वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या, आणि महिन्यातून एकदा काट्यावर उभं करा. आणि तुम्ही पाहुणे म्हणून कुणाच्या घरी जाणार असाल, आणि ‘वायला’ हा शब्द जिभेवर आलाच, तर एक करा. आधी पिशवी खाली ठेवा, हात धुवा, वाटी हातात घ्या, आणि त्या पोराला पाच घास भरवून दाखवा. पाचवा गिळला की खुशाल म्हणा.